दशमांश किती दिला हे चर्चला कळतं, पण पगार किती हे का कळावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल आणि माझं काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल. नवीन चर्चमध्ये मेंबरशिपचा फॉर्म दिला, त्यात महिन्याचं उत्पन्न आणि "दशमांशाची ठरलेली रक्कम" (दशमांश म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाच्या कामाला देणं) असे दोन कॉलम होते, तुम्ही ते भरले. मग पास्टरांनी सॅलरी स्लिप मागितली, तीही तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवली, कारण नवीन माणसाने पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणायचं. आणि आता सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला, की तुमचा दशमांश तुमच्या पगाराशी जुळत नाहीये, देवाची चोरी होतेय. घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, जोडीदार चर्चला येत नाही आणि त्यांना हे मुळातच पटत नाही. तुम्ही विचारलंय की दशमांश ग्रॉसवर, म्हणजे कपातीआधीच्या पूर्ण पगारावर काढायचा, का हातात येतो त्यावर (नेट), आणि यंदाची स्लिप द्यायला नाही म्हटलं तर ते पाप होईल का.

मी २२ वर्षं चर्चच्या हिशेबात आहे, त्यातली १४ खजिनदार म्हणून, आणि आता दुसऱ्या मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, हिशेब तपासायला जाते. ग्रॉस का नेट हे मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच, त्याचं उत्तर पुढे देते, पण तुमचं दुखणं तिथे नाहीये असं मला वाटतं. तुमच्या कमाईचा आकडा दुसऱ्याच्या हातात गेला आणि आता त्याच आकड्याने तुम्हाला मोजलं जातंय, हे दुखणं आहे. तुम्ही काय दिलं आणि तुम्ही काय कमावलं ह्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली चर्चकडे असते, असायलाच पाहिजे, नाहीतर हिशेब कसा लागणार. दुसरी तुमच्या घरची आहे. ती चर्चच्या कपाटात कशाला हवी ह्याचं पटणारं उत्तर मला एवढ्या वर्षांत एकाही कमिटीकडून मिळालेलं नाही.

आता हे खरं की सगळीकडे एकच नियम नाही. तुम्ही कुठल्या पंथात आहात, मेंबर होताना कशावर सही केलीय, तुमच्या देशात कायदा काय, यावर थोडंफार बदलतं. कॅथलिक चर्चमध्ये दहा टक्के असा आकडाच नाही, १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे त्यांच्या चर्चच्या कायद्यात, २२२ वं कलम आहे ते म्हणतं की चर्चच्या गरजांना हातभार लावणं हे विश्वासणाऱ्यांचं कर्तव्य आहे, किती ते सांगत नाही. जर्मनीत चर्चचा कर सरकारच गोळा करून देतं, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के, राज्यावर अवलंबून. तिथे तुमची कमाई कर खात्याला माहीत असते, पण तुमचा पाळक ती घेऊन दारात येत नाही. आणि स्वतंत्र मंडळ्यांमध्ये तर प्रत्येक ठिकाणी पास्टर आणि कमिटी जे ठरवतील ते.

पण मला तुम्हाला मुद्दाम एक उदाहरण द्यायचंय. ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात ते लॅटर-डे सेंट्सचं चर्च, दशमांशाच्या बाबतीत सगळ्यात कडक म्हणून ओळखलं जातं. १८३८ पासून त्यांच्यात हा नियम आहे आणि पूर्ण दशमांश देत नसाल तर त्यांच्या टेम्पलमध्ये जायची परवानगी मिळत नाही. एवढं कडक असूनही पद्धत काय आहे बघा. वर्षातून एकदा सभासद बिशपसमोर, म्हणजे आपल्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखासमोर, बसतो, वर्षभरात चर्चला काय दिलं ते समोर असतं, आणि सभासद स्वतः सांगतो की हा माझा पूर्ण दशमांश आहे, किंवा थोडा आहे, किंवा नाही दिला. पगाराचा कागद मागत नाहीत. १९७० मध्ये त्यांच्या वरच्या नेतृत्वाने पत्र काढून सांगितलं की मूळ नियमात दहावा भाग ज्याचा द्यायचा म्हटलंय त्या "इंटरेस्ट" ह्या शब्दाचा अर्थ उत्पन्न असा घ्यावा, आणि यापलीकडे कोणी काही ठरवून सांगू नये. मला त्यांची शिकवण पटते का नाही हा भाग वेगळा, मी ते एवढ्यासाठी सांगतेय की "स्लिप बघितल्याशिवाय दशमांशाची शिस्त राहत नाही" हे खरं नाही. जिथे शिस्त सगळ्यात कडक तिथेही माणसाच्या शब्दावर चालतं.

आणि हे त्यांनी कुठून नवीन काढलेलं नाही. पवित्र शास्त्रात अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २६ वा अध्याय काढा, तिथे तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाबद्दल आहे, जो लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, पोरका आणि विधवा ह्यांना द्यायचा असतो. तो दिल्यावर देणाऱ्याने स्वतः परमेश्वरासमोर बोलायचंय, की पवित्र भाग मी घरातून काढून दिलाय, तुझ्या आज्ञा मोडल्या नाहीत. कोणी त्याच्या शेतात जाऊन पेंढ्या मोजत नाही. जाहीर करणारा तो, ऐकणारा देव. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण शेकडो वेळा ऐकतो, सगळा दशमांश भांडारात आणा, पण हा २६ वा अध्याय उपासनेत वाचलेला मी फार कमी ऐकलाय.

मलाखीबद्दल पण बोलायलाच हवं कारण तुमच्या पास्टरांनी "देवाची चोरी" हे तिथूनच घेतलंय. मी त्या वचनाला हलकं करत नाही, मी स्वतः दशमांश देते आणि आनंदाने देते. पण ते भांडार म्हणजे काय होतं हे नहेम्याच्या १३ व्या अध्यायात दिसतं. लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते. यरुशलेमचा कारभार बघणारा नहेम्या आला तेव्हा त्याने पहिला जाब कोणाला विचारला, तर अधिकाऱ्यांना, की देवाच्या मंदिराची अशी हेळसांड का झाली. मग लोकांनी धान्य, द्राक्षारस, तेल आणून दिलं, आणि त्याने भांडारावर माणसं नेमली, का तर ती विश्वासू समजली जात होती. म्हणजे चौकशी सुरू झाली ती वरून. देणाऱ्यांच्या घराची झडती त्यात कुठेच नाही.

माझा आवडता भाग मात्र २ राजे १२ वा अध्याय आहे. मंदिराच्या डागडुजीचे पैसे याजकांकडे येत होते आणि वर्षानुवर्षं डागडुजी होत नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसे बरेच झाले की राजाचा लेखक आणि मुख्य याजक दोघं येऊन मोजायचे आणि थैल्यांत भरायचे. मी खजिनदार झाले तेव्हा आमच्या आधीच्या खजिनदार आजोबांनी मला हिशेबाची वही देताना हेच वाचून दाखवलं होतं. भोकातून कोणी किती टाकलं ते दिसत नाही, आणि मोजायला एकटा माणूस कधी नाही. देणारा झाकलेला, मोजणारा उघडा. नंतर प्रेषित पौलानेही तेच केलं, यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना बरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, कारण एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी आपल्याला नावं ठेवू नयेत (२ करिंथ ८). हिशेब द्यायची काळजी पैसे हाताळणाऱ्याला होती.

हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच, जमीन विकली, त्यातले पैसे लपवले आणि मेले. तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांमधला ५ वा अध्याय चौथ्या ओवीपर्यंत नीट वाचा. प्रेषित पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन होती तोवर ती तुझीच होती ना, आणि विकल्यावरही पैसा तुझ्याच हातात होता ना. म्हणजे सगळं द्यायची सक्ती नव्हतीच. काही भाग देऊन सगळं दिलं असं खोटं सांगणं हा अपराध होता. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : स्लिप न देणं पाप नाही. पण कमी देऊन "मी पूर्ण देतो" असं सांगू नका, ते मात्र करू नका. "हा विषय माझ्या घरचा आहे" असं म्हणणं खोटं बोलणं नाही.

इतिहासात एक काळ असा होता की दशमांश खरंच तपासून वसूल व्हायचा. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने ७७९ मध्ये तो कायद्याने सक्तीचा केला आणि मग युरोपात शेकडो वर्षं तो एक करच झाला. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्याच्या रूपातला दशमांश पैशात बदलायचं ठरलं, तेव्हा त्यासाठी गावोगावचे नकाशे काढले, प्रत्येक शेताचा मालक कोण, कसतो कोण, क्षेत्र किती, पीक का कुरण, सगळं लिहिलं. सक्ती आली की माणसाचं सगळं उघडं करावंच लागतं, त्याशिवाय सक्ती चालत नाही. फ्रान्समध्ये १७८९ ला क्रांती झाली तेव्हा लोकांनी सुरुवातीलाच ज्या गोष्टी बंद पाडल्या त्यात दशमांश होता. ज्या चर्चला दान मनापासून हवंय त्याने ह्या वाटेने परत जाऊ नये असं मला फार वाटतं.

आता आमच्या कामाचं सांगते, म्हणजे नोंद कशी असते आणि कशी असू नये ते कळेल. उपासना संपली की मागच्या खोलीत आम्ही दोघी किंवा दोघं बसतो, एकाच घरातले दोघं कधीच नाही. थैली टेबलावर ओतायची, सुटी नाणी एका बाजूला, पाकिटं एका बाजूला. पाकिटावर नंबर असतो, नाव नसतं. फोडायचं, आत सापडलेली रक्कम पाकिटाच्या पाठीवर पेनने लिहायची, दुसऱ्याने ती परत मोजायची, शेवटी बेरजेच्या कागदावर दोघांच्या सह्या. कोणता नंबर कोणाचा ही यादी वेगळ्या वहीत आणि ती फक्त खजिनदाराकडे, वर्षाच्या शेवटी पावत्या करण्यापुरती. बऱ्याच देशांत दानावर करात सूट मिळते त्यासाठी ती पावती लागते, अमेरिकेत उदाहरणार्थ २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला लेखी पोच लागतेच. त्या पावतीवर नाव, तारीख आणि दिलेली रक्कम असते. देणाऱ्याचा पगार लिहायला त्यात जागाच नसते, कारण तो कोणालाच लागत नाही.

एकदा एका पाकिटात एकच छोटी नोट निघाली, चार घड्या घातलेली, आणि तिच्याबरोबर वहीच्या पानाचा तुकडा. त्यावर लिहिलेलं, "ह्या महिन्यात एवढंच जमलं, पुढच्या महिन्यात भरून काढते." माझ्याबरोबर मोजणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवला. मी पाठीवर आकडा लिहिला आणि तो तुकडा फाडून टाकला. पण "भरून काढते" हा शब्द डोक्यातून जाईना. हप्ता चुकल्यावर माणूस असं लिहितो. कोणाकडून तरी ती बाई हे शिकली होती, आणि बहुतेक आमच्याकडूनच.

आणि एक चूक माझी स्वतःची. खजिनदारीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाळकांनी माझ्याकडे नावांसकट यादी मागितली, कोण देतं कोण नाही. मी दिली. पाळक मागतायत म्हणजे देऊ नये असं मनातही आलं नाही. त्यात संडे स्कूल घेणारे एक जण होते, चार महिने त्यांच्या नंबरासमोर शून्य होतं. त्यांना संडे स्कूलमधून काढलं, का तर आधी स्वतः आज्ञा पाळा मग मुलांना शिकवा. नंतर कळलं की त्यांची नोकरी गेली होती, घरात बायकोलासुद्धा महिनाभर सांगितलं नव्हतं, रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि वाचनालयात बसून संध्याकाळी परत. ज्या चार महिन्यांत कोणीतरी त्यांच्या घरी जायला पाहिजे होतं त्याच चार महिन्यांत आम्ही त्यांना काढून टाकलं. ते कुटुंब परत आलं नाही. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला, नीट बोलले, पण आले नाहीत. ती यादी मी माझ्या हाताने लिहून दिली होती हे माझ्याकडून विसरलं जात नाही.

पास्टरांची बाजूही सांगते, कारण सगळे लोभी असतात असं नाही, बहुतेक नसतात. त्यांचं म्हणणं असतं की पैसा हा आत्मिक जीवनाचाच भाग आहे, मेंढपाळाला मेंढराचं सगळं माहीत नको का. किंवा साधं असतं, की बजेट करायचंय, भाडं द्यायचंय, पुढच्या वर्षी किती येईल याचा अंदाज हवा. दुसऱ्याला उत्तर सोपं आहे, मागच्या तीन वर्षांच्या एकूण दानावरून अंदाज निघतो, त्याला कोणाची स्लिप लागत नाही. पहिल्यात तथ्य आहे हे मी मान्य करते. दान अचानक थांबलं तर कधीकधी घरात काहीतरी बिघडलेलं असतं, वरच्या प्रसंगात होतंच की. पण त्यासाठी आम्ही आता असं करतो की खजिनदार पाळकांना फक्त एवढंच सांगते, अमुक घरी जाऊन या. आकडा नाही, कारण नाही. दुसरीही नावं त्यात असतात, आजारी, म्हातारी, नवीन आलेली, म्हणजे पाळकांनाही कळत नाही की कोणाचं नाव कशामुळे आलंय. आणि आकडा माहीत नसण्यात पाळकांचंही भलं आहे. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय आठवा, सोन्याची अंगठी घातलेल्याला "इथे बसा" आणि गरिबाला "तिथे उभा राहा". ज्याला आकडे माहीत असतात त्याला हा मोह रोज होतो.

बरं, ग्रॉस का नेट. शास्त्रातला दशमांश पिकाचा आणि गुराढोरांचा होता, पगाराच्या स्लिपवरची कपात ही गोष्ट तिथे नव्हतीच, त्यामुळे वचन दाखवून कोणी "ग्रॉसच" म्हणत असेल तर तो त्याचा अर्थ आहे, प्रामाणिक असेल पण अर्थच आहे. मी स्वतः कर कापून हातात येतं त्यावर काढते, माझ्या बहिणीचं कुटुंब ग्रॉसवर काढतं, आमच्यात यावरून भांडण नाही. धंदा असेल तर मात्र नीट समजून घ्या. शंभराची विक्री झाली, पंच्याऐंशी माल आणि खर्चात गेले, पंधरा उरले. विक्रीवर दहा टक्के काढले तर दहा गेले, म्हणजे कमाईच्या दोन तृतीयांश. असं करून कर्जात गेलेली माणसं मी बघितलीयत, आणि त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं की विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. तुम्हाला हप्ता आहे. हप्ता बुडवून दशमांश द्या असं मी कधीच कोणाला सांगत नाही, कारण हप्ता म्हणजे दिलेला शब्द आहे. कमी टक्क्याने सुरू करा, हप्ता कमी होईल तसं वाढवा. पौल करिंथच्या मंडळीला म्हणतो ते हेच, की जवळ जे आहे त्याप्रमाणे, आणि मनात ठरवल्याप्रमाणे, भाग पडतं म्हणून नाही.

उत्पन्न विचारणं योग्य असतं अशाही वेळा आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर उत्तर अर्धवट राहील. तुम्ही चर्चकडे मदत मागितली, फी, औषधपाणी, भाडं, तर मदत निधी बघणारे दोघं-तिघं तुमची परिस्थिती विचारतील आणि ते बरोबर आहे, कारण तो सगळ्यांचा पैसा आहे. पण तेही त्या कामापुरतं, आणि काम झालं की कागद परत. तुम्ही चर्चमध्ये पगारी कामाला असाल तर चर्च देतं तो पगार चर्चला माहीतच असणार. वडीलमंडळात, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांत, निवडून जाणार असाल तर "तुम्ही नियमित देता का" असं विचारतात, त्याला हो-नाही पुरतं. इमारतीसाठी संकल्पपत्र, म्हणजे पुढे किती देणार ते लिहिलेला कागद, भरून घेतात तेव्हा तुम्ही जो आकडा लिहाल तो तुमचा, तो पगाराच्या किती टक्के आहे हे कोणी काढत बसू नये.

आता तुम्ही नक्की काय करायचं. फोनवर वाद घालू नका, फोनवर माणूस घाबरून हो म्हणतो. भेट मागा किंवा साधा मेसेज लिहा, असा काहीतरी : "पास्टर, तुम्ही काळजीने विचारलंत याबद्दल आभार. आम्ही किती द्यायचं ते घरी बसून, प्रार्थना करून ठरवतो. उत्पन्नाची माहिती मात्र आम्ही घराबाहेर देत नाही, म्हणून यापुढे स्लिप पाठवणार नाही, आणि आधी पाठवलेली कृपया डिलीट करावी." कारणं देऊ नका. कर्ज आहे, जोडीदाराला पटत नाही, हे सांगितलंत की लगेच त्या कारणांवर चर्चा सुरू होते, मग कर्ज कितीचं, जोडीदाराला समजवायला आम्ही येतो का, आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

स्लिपचं मात्र गंभीरपणे घ्या. एका स्लिपवर बँक खात्याचा नंबर, कराचा नंबर, कंपनी, कर्जाची कपात एवढं सगळं असतं. ती पास्टरांच्या फोनमध्ये आहे, तिथून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गेली असेल, कदाचित प्रिंट काढून फॉर्मला टाचलीही असेल. म्हणून नुसतं "डिलीट करा" म्हणून थांबू नका, कुठे कुठे कॉपी आहे तेही विचारा, आणि फॉर्मवरचा उत्पन्नाचा कॉलम खोडून द्यायला सांगा. युरोपात असाल तर २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षणाच्या नियमात धार्मिक श्रद्धा दाखवणारी माहिती खास जपायच्या माहितीत मोडते, आणि चर्चला सभासदांची माहिती कामापुरती ठेवता येते पण तुमच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाही. इतर देशांत कायदा वेगळा असेल, पण "तुमच्याकडे माझं काय काय आहे" हा प्रश्न विचारायला कुठलाच कायदा लागत नाही.

ऑनलाइन देत असाल तर अजून एक, जे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. चर्चच्या खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलाय ते विचारा. तो पास्टरांचाच असेल तर तुम्ही पैसे पाठवलेत की त्याच मिनिटाला त्यांच्या फोनवर तुमच्या नावासकट मेसेज वाजतो, मग पाकीट आणि नंबर कितीही सांभाळा. तो नंबर खजिनदाराचा हवा, आणि स्टेटमेंट बघणारे दोघं ठरलेले हवेत.

त्याच भेटीत तुम्हीही चार गोष्टी विचाराव्यात अशी माझी विनंती आहे. दान कोण मोजतं, नावांची यादी कोण बघतं, वर्षाचा जमाखर्च सभासदांसमोर ठेवतात का, आणि तो बाहेरचा कोणी तपासतो का. नम्रपणे विचारा, नवीन माणसाला विचारायचा हक्क असतो. ज्या मंडळीत ही उत्तरं पटापट मिळतात तिथे स्लिप मागणं ही बहुतेक एखाद्या जुन्या फॉर्मची चूक असते, कोणी लक्षच दिलेलं नसतं, सांगितलं की सुधारतात. मी स्वतः दोन ठिकाणी तो कॉलम काढायला लावलाय आणि दोन्हीकडे कमिटीने दहा मिनिटांत मान्य केलं. पण जिथे तुमच्या कमाईची चौकशी होते आणि चर्चचा जमाखर्च विचारला की "देवाच्या सेवकावर शंका घेता का" असं उत्तर येतं, किंवा व्यासपीठावरून कोणी किती दिलं ते नावांसकट वाचतात, किंवा न देणाऱ्यांवर शाप येईल असं सांगतात, तिथे मी तुम्हाला राहा म्हणणार नाही. मंडळी बदलता येते, विश्वास तोच राहतो.

जोडीदाराबद्दल शेवटचं. पगार दोघांच्या घराचा आहे, एकट्याचा नाही, त्यामुळे किती द्यायचं हे आधी दोघांत ठरलं पाहिजे, पास्टरांना काय सांगायचं ते त्यानंतर. जोडीदाराला न सांगता देऊ नका, चर्चसाठी घरात लपवाछपवी सुरू झाली तर ते त्यांना चर्चपासून अजूनच लांब नेईल. आणि स्लिप पाठवली होती हे त्यांना अजून सांगितलं नसेल तर आज रात्री सांगा, दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी. तुम्हाला तुमच्या वाट्याच्या पैशातून थोडंच देता येत असेल तर तेवढंच द्या, पुष्कळ घरं अशी चालतात आणि नीट चालतात. रविवारी पाकिटात ठरवलंय तेवढं टाका आणि उपासनेला बसा. पास्टरांचं लेखी उत्तर आलं तर नावं काढून इथे टाका, त्यात मेंबरशिपच्या अटींचा उल्लेख असेल तर ती ओळ जशीच्या तशी लिहा, कारण सही केलेल्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय पुढचं सांगणं बरोबर होणार नाही.